एक तरी बटण

"काका, बाईंच्या मशीनवर तारीख चुकलीय."

आठवीतली ती मुलगी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. मधल्या सुट्टीत लॅबमध्ये कुणी फिरकत नाही, म्हणून मी दार नुसतं लोटून ठेवलं होतं. पोरं मला पाठीमागे 'कुलूप' म्हणतात, आणि मी दार लोटून ठेवतो. वय झालं, दुसरं काय.

"चुकलेली नाही," मी म्हणालो. "थांबलेली आहे."

"ही त्या दिवशीची आहे ना? आमचाच तास होता तेव्हा."

"डबा खाल्लास का तू?"

"हो." ती जागची हलेना. मग हळूच म्हणाली, "काका, बाई आत आहेत का?"

"जा, घंटा होईल आता."

तिला बाहेर घालवून मी कडी लावली. गेले काही दिवस हाच प्रश्न मीही स्वतःला विचारत होतो, फक्त इतक्या सरळ शब्दांत नाही.

आमच्या लॅबमध्ये पोरांसमोर असतात ते नुसते पडदे. खरा संगणक एकच, माझ्या खोलीतल्या कपाटात घुंघुं करत बसलेला, आणि त्याच्या पोटात एक्केचाळीस खोटे संगणक. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. चाळीस पोरांची आणि एक्केचाळिसावं बाईंचं. सुरुवातीला पोरांनी नुसता धुमाकूळ घातला. एकाने शेजाऱ्याचं मशीन बंद करायचं, दुसऱ्याने रीसेट मारायचं, की तासाचं वाटोळं. मग मी त्यांच्या हातातून एकेक गोष्ट काढून घेत गेलो. बंद करायचं बटण काढलं, रीसेट काढलं, सेटिंगचा मेन्यू काढला. बाहेरच्या जगाशी असलेली मशीनची जोडही तोडली, अगदी घड्याळ जुळवण्यापुरतीसुद्धा ठेवली नाही. दर डिसेंबरात एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना आहे: 'विद्यार्थ्यांच्या हाती ठेवलेली बटणं किती?' तिथला आकडा मी दरवर्षी खाली आणायचो आणि तो मुख्याध्यापकांना मुद्दाम दाखवायचो.

बाई म्हणजे आमची ही. बावीस वर्षं एकाच शाळेत ती शिकवायची आणि मी दुरुस्त करायचो. आमचं वाजलं ते पॉजच्या बटणावरून. पॉज दाबलं की मशीन आहे त्या क्षणी थांबतं. वीज जाऊ दे, महिने जाऊ देत, पुन्हा चालू केलं की तिथूनच पुढे. पोरांकडे तेवढं एकच बटण उरलं होतं आणि तेही मी काढलं, म्हणजे रकान्यात ठसठशीत शून्य.

"अहो, पोर जरा बाहेर जाऊन आलं तर त्याचं काम थांबून राहायला नको का?" ती म्हणाली. "एक तरी बटण राहू द्या त्यांच्या हातात."

"आज एक मागतील, उद्या दहा."

"कुलूप हे नाव पोरांनी उगीच नाही ठेवलं."

झालं, अबोला सुरू. एकच घर, एकच शाळा, एकाच टेबलावर दोन डबे आणि शब्द नाही. एरवी आमच्यात आधी बोलायची ती. संध्याकाळपर्यंत काहीतरी फुसकं कारण काढून बोलायचीच. या वेळी तीन दिवस गेले, तरी नाही. चौथ्या दिवशी भर तासात तिने तिच्या मशीनवर शाबूत असलेलं पॉज दाबलं, पोरांना "आलेच मी" म्हणाली आणि स्टाफरूमपर्यंत चालत गेली. तिथून ती परत आली नाही. दवाखान्यातही नुसता माझा हात धरून होती, बोलण्यापलीकडे गेली होती. माझ्यावर रागावून गेली, हे आठ महिने मला आतून खात होतं.

एक्केचाळीस नंबर तसंच थांबून राहिलं. मी त्याला हात लावला नाही. मग वरून पत्र आलं: सगळी मशीनं पुसून टाका, एकाच साच्यातून नवी करा, सगळी बटणं बंद, मुदत सुट्ट्या धरून वीस दिवस. "तुमच्या आवडीचं काम आलंय," मुख्याध्यापक हसत म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी एक्केचाळीस नंबर पहिल्यांदा चालू केलं. पडदा उजळला. तिचं अर्धं राहिलेलं वाक्य होतं आणि त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत होता. कोपऱ्यात बारा चाळीस, तारीख त्या दिवशीची. बघता बघता बारा एक्केचाळीस झाले. आत तो दिवस चालू होता. पुढे काय झालं याची त्या दिवसाला खबर नव्हती, कारण बाहेरचं दार मीच लावून घेतलं होतं. मी पाच मिनिटं बघितलं आणि पॉज दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचच मिनिटं. घरातली साखर संपत आली की पुरवून पुरवून वापरतात, तसा मी तिचा दिवस वापरायला लागलो.

ती विसरभोळी होती. ठरल्या वेळी पडद्यावर उमटतील अशा छोट्या चिठ्ठ्या स्वतःसाठी लावून ठेवायची. तिसऱ्या दिवशी, आतले बारा पंचावन्न झाले तेव्हा पहिली चिठ्ठी आली: 'सातवी ब ची हजेरी राहिलीय.' सातवी ब केव्हाच आठवीत गेली होती. सातव्या दिवशी, सव्वाएकला: 'खिडकी लाव, धूळ येते.' खिडकी मी सकाळीच लावली होती. तरी उठून गेलो. कडी उघडी होती. मी, आणि कडी विसरेन? मी ती लावली, दोनदा ओढून बघितली आणि परत येताना मागे वळून पाहायचा धीर मला झाला नाही.

अकराव्या दिवशी, एक पस्तीसला: 'जाताना चष्मा. फळ्यामागे.'

तिच्या चष्म्यासाठी मी घर पालथं घातलं होतं. शेवटी तो हरवलाच असं धरून चाललो होतो. स्टुलावर चढून फळ्यामागे हात घातला, तर बोटांना काड्या लागल्या. उजवी काच रुमालाने पुसली. डावीवर अंगठ्याचा ठसा होता, ती तशीच ठेवली.

ती मुलगी येऊन गेली त्या दिवशी आतले एक पन्नास झाले होते. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती.

त्या शेवटच्या दिवशी मी पुरवून वापरायचं नाही असं ठरवलं. दाराला कडी घातली, चष्मा टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत बसलो. दोन वाजले. बाहेर पोरांचा गलका होता, पण आत कर्सरच्या लुकलुकण्याचासुद्धा आवाज येईल इतकं शांत वाटत होतं. दोन पाच. आता काही उरलेलं नसेल, असं मनात आलं आणि भीती वाटली.

दोन दहाला चिठ्ठी उमटली.

'आज ह्यांच्याशी आपणच बोलायचं. चार दिवस गप्प बसून पोट दुखायला लागलं असेल त्यांचं.'

खाली दोन बटणं होती. 'झालं' आणि 'नंतर आठवण कर'.

मी रडलो. बावीस वर्षं ज्या खोलीत पोरांवर डोळे वटारले, त्याच खोलीत हुंदके देऊन रडलो. पॉज दाबायला हात पुढे गेला होता. दाबलं असतं, तर ती कायमची बोलायच्या बेतात राहिली असती, आणि मी रोज येऊन ते बघत बसलो असतो. पण मग पुन्हा अबोलाच की. आणि या खेपेला गप्प बसणारा मी एकटाच असतो.

"चष्मा सापडला तुझा," मी म्हणालो. रिकाम्या खोलीत माझा आवाज मलाच परका वाटला. "फळ्यामागे होता."

मग 'झालं' दाबलं. चिठ्ठी गेली. दोन अकरा झाले. मी तिचं अर्धं वाक्य एकदा वाचलं आणि मशीन पुसून टाकलं.

नवीन साचा करायला संध्याकाळ लागली. एकेक बटण बंद करत गेलो. शेवटी पॉज उरलं.

सोमवारी मुख्याध्यापकांनी फॉर्म डोळ्यांजवळ धरला. "हाती ठेवलेली बटणं, एक? तुम्ही लिहिलंय हे?"

"हो."

"वरून विचारतील."

"माझ्याकडे पाठवा."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

पहिलाच तास आठवीचा होता. चौदा नंबरवर तीच मुलगी बसली होती. नवीन बटण तिला लगेच दिसलं. तिने ते दाबलं, पडदा मंद झाला, घड्याळ थांबलं. खुर्ची मागे सारून ती उठली.

"काका, आलेच मी. पाणी पिऊन."

ती दाराबाहेर गेली, तिच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात दूर गेला. ती परत येईपर्यंत मी तिच्या खुर्चीपाशी उभा राहिलो.