कालवलेलं सिमेंट आणि दोन डबे

गवंडीदादा सिमेंट कालवून अंगणात उभे होते आणि मी, विज्ञानाची बाई, प्रयोगशाळेच्या दारात आडवी.

"बाई, काय ते ठरवा. माल घट्ट व्हायला लागलाय."

माझ्या हातात असतं तर ठरवलंच असतं! वरच्या आळीची भाषा एक, खालच्या आळीची दुसरी, आणि शाळेच्या पाटीवर कुणाची भाषा वर यावरून अशी जुंपलेली की पाटी अजून कोरीच. प्रयोगशाळेच्या मधोमध भिंत घालून पोरं वेगळी बसवायची, एवढ्या एकाच गोष्टीवर दोन्ही आळ्यांचं एकमत झालं होतं. खालच्यांचे पुढारी माझे सख्खे काका, वरच्यांच्या पुढारी शिंपीणकाकू. दोघंही भिंत घालून घ्यायला जातीनं हजर होते, आणि दोघांचाही मला भयंकर राग आला होता. माझा हसता-खेळता वर्ग मोडणार होता.

"काका, एक शेवटचा प्रयोग बघा. मग घाला भिंत."

"झटपट उरक," काका म्हणाले.

दोन रिकामे डबे, मधे ताणलेली दोरी. माझ्या वर्गाचा टेलिफोन. नियम एकच, डब्यात बोलायचं ते समोरच्याच्या भाषेत. त्यामुळे माझी पोरं दोन्ही भाषांत भांडतात आणि दोन्ही भाषांत कट्टी सोडतात.

काका खिडकीशी उभे राहिले, काकू अंगणाच्या पार टोकाला. पोरांनी दोरी ताणून दिली. काका डब्यात तोंड घालून गरजले, "शाळा आमच्या जागेत आहे!"

मग माझ्याकडे वळले. "फसला तुझा प्रयोग. काही ऐकू येत नाही."

"डबा कुठं धरलाय, काका?"

"तोंडाला!"

"आणि काकूंनी?"

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. काकूंचाही डबा तोंडालाच, आणि त्याही तावातावानं बोलत होत्या. वर्ग फिदीफिदी हसत सुटला. गवंडीदादांच्या हातातली थापी पडली.

दोघं ओशाळले. दोघांनीही डबे कानाला लावले आणि वाट बघत बसले.

"अगं, ती बोलतच नाहीये!" काका कुजबुजले.

माझं हसू काही केल्या आवरेना. "तुम्ही बोला ना! पण त्यांच्या भाषेत."

"मला कुठं येते?"

वरच्या आळीतली एक चिमुरडी त्यांच्या कानाशी लागली. अख्खी खालची आळी ज्यांना टरकते, ते माझे काका तिच्यामागून एकेक शब्द घोकत डब्यात म्हणाले, "ऐकू येतंय का?" तेही तिकडच्या भाषेत!

काकू पलीकडे दचकल्या. मग त्यांनी डबा तोंडाशी नेला. काकांनी आपला कानाला लावला, आणि त्यांचा चेहरा फुलत गेला.

"आपल्या भाषेत बोलली," ते मला म्हणाले. "म्हणते, येतंय की, पण एवढं ओरडताय कशाला!"

मला रडूही येत होतं आणि नाचावंसंही वाटत होतं.

"साहेब, माल..." गवंडीदादांनी तोंड उघडलं.

"गप रे! ऐकू दे जरा!"

ते दोघं काय बोलत होते कोण जाणे, पण पोरं आळीपाळीनं शब्द पुरवत होती आणि मधूनच काका खो-खो हसत होते. तोवर घमेल्यातलं सिमेंट दगड झालं. वाया गेलेला माल बघून मी टाळ्या पिटल्या.

तो गोळा आता प्रयोगशाळेच्या मधोमध आहे, जिथं भिंत येणार होती तिथंच. ज्याची ऐकायची पाळी, त्यानं त्यावर बसायचं. पोरांची तक्रार आहे की काका तिथून उठतच नाहीत.