धुऱ्यावरचे प्रेक्षक

माझा आवाज मोठा, हे मी सांगायची गरज नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत मी राक्षस करायचो. देवरीच्या मांडवात गर्जना केली की कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहाच्या कपात लाटा उठायच्या. मग कॉलरला लावायचे माइक आले. माझा पहिल्याच वाक्याला जळाला. नवा दिग्दर्शक म्हणाला, "दुधरामकाका, आता घरी आराम करा."

आराम केला. बायको आधीच गेलेली. दिवसाकाठी माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा, तोही किराणा दुकानात: "चहापत्ती."

म्हणून चोरखमाऱ्याच्या केवलरामनं धान राखायला बोलावलं तेव्हा मी लगेच पिशवी उचलली. त्याच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, जंगलाला लागून. सांज झाली की रानडुकरं धानात उतरायची. मी मचाणावर चढून राक्षसाची गर्जना केली. डुकरं जी पळाली ती छत्तीसगडात जाऊन थांबली.

केवलराम खूश. पण प्रेक्षक पळवून लावणारा नट तुम्ही कधी पाहिला आहे का? डुकरं परतली त्या सांजेला मी गरजलोच नाही. एका नाटकातला आईचा विलाप मला तरुणपणापासून पाठ होता. राक्षस करणाऱ्याला तो कोण देतो? तो मी हळू आवाजात म्हटला.

डुकरं धानाला तोंड लावता लावता थांबली आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसली. मांडवात बसतात तशीच: पिल्लंवाल्या पुढे, नर मागे पाय पसरून. एक पिल्लू कुरकुरायला लागलं तर त्याची आई त्याला बाहेर घेऊन गेली.

रोज हेच चाललं. एकदा केवलराम आला आणि माझ्या मचाणाखाली उभा राहिला.

"काका, तुमी डुकरं हाकलून राहिले का बोलावून राहिले?"

"धान खाल्लं का त्यायनं?"

त्यानं बांधीला चक्कर मारली. "नाही."

"मंग चुपचाप बस. पडदा उघडा हाय."

"डुकरायच्या मागं बसू?" तो हसला. मग जाता जाता म्हणाला, "पन काका, तुमच्या आवाजाचं काही नाही. धानाच्या वासानं येते ते. कापनी झाली का एक बी येनार नाही."

"लाव पैज."

"पैज कायले? तुमालेच वाईट वाटन."

हे मात्र लागलं. आवाजासाठी येतात की धानासाठी, याचा उलगडा झाल्याशिवाय मला घरी जाववेना. कापणी उरकली, केवलराम मचाण उतरवायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, "आजचा दिवस राहू दे."

सांजेला चढलो. खाली नुसती कापलेली बुडखं. धुरा रिकामा. विलाप सुरू केला. अर्ध्यावर एक म्हातारा नर आला, एक सुळा तुटलेला. त्यानं बुडखं हुंगली. दाणा नव्हता. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बसला नाही, पण गेलाही नाही. मी आवाज आणखी खाली आणला, मलाच जेमतेम ऐकू येईल इतका. आई मुलाला शेवटची हाक मारते तिथवर तो उभा होता. मग वळला आणि सागाच्या झाडांत शिरला.

राक्षसाच्या आवाजानं कोणी थांबत नाही, आणि उठून चाललेल्या प्रेक्षकाला रंगमंचावरून हाक मारायची रीत नाही. विलापाच्या थोड्या ओळी उरल्या होत्या. त्या संथपणे, एकही न गाळता म्हटल्या. मग खाली उतरून मचाणाच्या दोऱ्या मीच सोडायला घेतल्या.