छपराला कोट

सर लायोनेल फॅन्शॉ हे गावचे जमीनदार, आणि स्वतःच्या मते गावाचे बाप. पार्लमेंटात उभे राहून ते गिरणीवाल्यांच्या नावानं खडे फोडत. "या लोकांना मजूर म्हणजे यंत्राचं चाक वाटतं! आमच्याकडे मजूर म्हणजे लेकरू. आणि लेकराला काय हवं ते बापाला न मागता कळतं." बोलायला काय जातंय!

त्यांच्या लेकरांपैकी एक ओबेड टकेट, सत्तरीला टेकलेला. त्याच्या बायकोच्या, केझायाच्या, पलंगावर कैक हिवाळे पाणी गळत होतं. घर सरांचं, छप्पर सरांचं, गळती तेवढी केझायाची. गुडघे धरले होते, छातीत कफ भरला होता. कायमचं अंथरूण धरलं की रवानगी निराधारांच्या गरीबखान्यात, आणि तिथं नवरा एका दालनात, बायको दुसऱ्यात. केझायाला मरणाचं काही वाटत नव्हतं, त्या दालनाची मात्र धडकी भरे.

"अहो, सरांच्या कानावर घाला ना एकदा," ती म्हणे.

"वेड लागलंय का तुला? कोट जाईल!"

कोटाचं प्रकरण असं. सुगीच्या जेवणावळीत सर दरवर्षी पितळी बटणांचा निळा कोट बक्षीस देत. ज्या मजुरानं उभ्या जन्मात मालकाकडे काही मागितलं नाही, त्याला. त्यापायी गावात कुणी हूं की चूं करत नसे. सगळ्यांच्या छपरांच्या चाळण्या झालेल्या आणि सगळ्यांची तोंडं शिवलेली.

यंदा कोट ओबेडला मिळाला. भाषण करताना सरांनी डोळे पुसले, ओबेडनं पुसले. केझाया नुसती शिंकली.

"मिळाला ना? आता तरी मागा," घरी येताना ती म्हणाली.

"अगं, मागितलं तर काढून घेतील! दर रविवारी चर्चला घालून यायचा हुकूम आहे."

"मग बसा त्या बटणांना ओवाळत," म्हणून ती पुढं चालू लागली.

पुढच्या शनिवारी पाऊस कोसळला. रविवारी सकाळी पाहतो तर खुंटीवर कोट नाही! वेळ झालेली, बिचारा ओबेड शर्टावरच चर्चला गेला. प्रार्थना संपते न संपते तोच सर तणतणत त्याच्या घरी.

"दारूत घातलास का रे कोट?"

ओबेडनं रिकामी खुंटी दाखवली. पलंगावर पडल्या पडल्या केझायानं वर बोट दाखवलं. छपराच्या भोकात, गवत उपसायच्या काट्यानं ठासून कोट बसवलेला. दोन्ही बाह्या खाली लोंबत होत्या, बटणं चमकत होती आणि पलंग कोरडा ठणठणीत.

"हे काय, बाई?"

"छपराला घातलाय, मायबाप. त्यानंही उभ्या जन्मात काही मागितलं नाही. आणि ह्यांच्यापेक्षा म्हातारं आहे ते."

"अगं, पण मला सांगायचं होतंस!"

"सांगणं म्हणजे मागणंच की. आणि बापाला न मागता कळतं, असं आपणच म्हणता."

सर लालेलाल झाले. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. सोमवारी शाकारणारे आले, आठवडा सरायच्या आत नवं छप्पर झालं, कोट खुंटीवर परतला आणि गोष्ट गावभर झाली. त्या रात्री केझाया कोरड्या अंथरुणात मनसोक्त रडली आणि झोपली.

पुढच्या रविवारी बायबलमधला उतारा वाचायला सर नेहमीसारखे उभे राहिले. आधी दोन शब्द बोलायचे होते, न मागता कळणाऱ्या बापाविषयी. चष्मा सारखा करून त्यांनी समोर पाहिलं.

बाकांमागून बाकं, सारे बाप्ये शर्टावर बसलेले, थंडीनं कुडकुडत. अख्ख्या चर्चमध्ये कोट घातलेला एकटा ओबेड. मागितलं मात्र कुणीच काही नव्हतं.