त्याच्या बाजूची बटणं

माझी तिसरी कादंबरी छापायला प्रकाशक तयार होता, पण एका अटीवर. "आधीच्या दोन गोदामात धूळ खातायत," तो म्हणाला. "लोकांना तुम्ही माहीतच नाही. रोज फेसबुकवर काहीतरी टाका. छोटं, खरं, घरातलं. आणि फोटो हवाच. फोटोशिवाय पोस्ट पळत नाही." सहा महिन्यांत दहा हजार लोक जमले तर पुस्तक, नाहीतर विषय संपला.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसभर तक्रारी लिहून घेतो. माझ्या आयुष्यात टाकण्यासारखं काय असणार, कपाळ! पहिले पंधरा दिवस मी पुस्तकांच्या कपाटाचे आणि चहाच्या कपाचे फोटो टाकले. कुत्रंही फिरकलं नाही. मग मला ताई आठवली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत शिलाई मशीन आहे. नवे कपडे ती शिवत नाही. जुने उसवते, आत घेते, सैल करते. माप देताना बाई हात वर करून उभी राहते आणि बोलायला लागते. कोणाचं लग्न का मोडलं, कोण कशाने एवढी वाळली, सगळं ताईला ठाऊक. मी रविवारी गेलो की उसवता उसवता ती मला त्यातलं काही सांगायची. मी तिचा भाऊ, म्हणून सांगायची.

मी ते लिहायला लागलो. नावं कधीच घातली नाहीत, याचा मला केवढा अभिमान होता! ताई फोन फक्त बोलायला वापरते. "काय लेखकराव, आज किती अंगठे?" असं ती विचारायची आणि मी फुशारकीने आकडा सांगायचो. अंगठे कशाला मिळतात ते मी सांगितलं नाही. चार महिन्यांत सात हजार माणसं जमली.

एका रविवारी ताईच्या टेबलावर पुरुषाचे पाच शर्ट होते. औषधांच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या एका बाईने आणले होते. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा, तो वारला. शर्ट तिला स्वतःच्या मापाचे करून हवे होते.

"पण बटणं त्याच्याच बाजूला ठेवा म्हणाली," ताईने दोरा तोडत सांगितलं. "पुरुषांची बटणं उजवीकडे असतात ना. एक शर्ट ती आताही घालते, तसाच सैल; सकाळी घाईत तिचा हात चुकतो. तेवढ्यापुरतं वाटतं म्हणे, तो अजून घरात आहे." ताईचे डोळे भरून आले होते. माझेही आले, खोटं कशाला बोलू. पण ती चहा टाकायला आत गेली तेव्हा मी सगळ्यात वरच्या शर्टाचा फोटो काढला. निळ्या बारीक रेघा, खिशाच्या खाली शाईचा डाग. पोस्ट पळायला हवी होती.

पळाली, आणि कशी! दोन दिवसांत लाखभर लोकांनी वाचली. कोणीतरी खाली लिहिलं, "हा तर आमच्या सरांचा शर्ट! तो डाग आम्ही वर्षभर बघितलाय." मग सरांचे आणखी विद्यार्थी आले, शेजारी आले, दुकानाचा पत्ताही आला. प्रकाशकाचा फोन आला, "दहा हजार पार! आता पुस्तक काढू." त्या संध्याकाळी मी फार खुशीत होतो, हे लिहिताना आज लाज वाटते.

पुढच्या रविवारी ती बाई ताईकडे उभी होती. मला बघून म्हणाली, "लेखक तुम्हीच का?"

मी मान हलवली.

"छान लिहिलंय. खरंच. आता लोक औषधाची चिठ्ठी पुढे करतात आणि माझ्या बटणांकडे बघतात. काल एकीने विचारलं, आज चुकला का हात?" ती ताईकडे वळली. "शर्ट तसेच द्या."

"दोन उसवलेत हो," ताई म्हणाली. "निदान जोडून तरी देते."

"नको. तसेच द्या."

ताईने सुटलेल्या बाह्यांसकट शर्टांची घडी घातली आणि पिशवीत भरून दिली. बाई गेल्यावर तिने मशीनवर झाकण घातलं.

"ताई, मी नाव कुठे घातलं होतं?"

"शर्ट दाखवलास ना," ती म्हणाली. "तिने मला सांगितलं होतं रे. मी तुला सांगितलं. तू कोणाला सांगितलंस?"

मी तिथेच पोस्ट काढून टाकली. तोवर ती शेकडो लोकांनी उचलून आपापल्या पानावर लावली होती. नंतर दोन महिने ताईकडे काम निम्म्यावर आलं. ज्या यायच्या त्या माप द्यायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. ताईने मला एका शब्दाने झापलं नाही. झापलं असतं तर बरं झालं असतं. मी गेलो की ती माझ्या तब्येतीची चौकशी करायची, हवेबद्दल बोलायची.

पुस्तक आलं, खपलंही. पहिली प्रत घेऊन मी ताईकडे गेलो. तिने ती कपाटावर ठेवली. तेवढ्यात दार वाजलं. एक तरुण मुलगी लग्नातला पोशाख उसवायला घेऊन आली होती, आणि रडून तिचे डोळे सुजले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"तू जरा बाहेर थांबतोस?" ताई म्हणाली. अगदी साध्या आवाजात, परक्या माणसाला सांगावं तसं.

मी जिन्यात जाऊन बसलो. आत मशीन बंद होतं, म्हणजे मुलगी बोलत होती. मला रडू येत होतं. आणि त्याच वेळी, सुजलेले डोळे आणि हातावर घेतलेला तो पोशाख, याचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात जुळून तयार होतं. ताईने मला बाहेर काढलं ते बरोबरच केलं.