नणंदेची किडनी

"बहिणीनं दिलेली किडनी ठणठणीत आहे," नागपूरच्या डॉक्टरांनी कैलासच्या ओटीपोटाची उजवी बाजू चाचपत सांगितलं. "कॅन्सर मूत्राशयाचा आहे. ते काढावंच लागेल."

नवऱ्याच्या कॅन्सरचं ऐकून वर्षालीच्या पायाखालची जमीन सरकली. पण खरं सांगायचं तर, तपासण्या चालू होत्या तेव्हा तिला वाटून गेलं होतं, नणंदेची, मीराताईची, किडनीच खराब निघाली तर! ती आशा फुकट गेली. मत्सर मेला वेळप्रसंग पाहत नाही.

अठ्ठ्याण्णव साली किडनी द्यायला आधी वर्षालीच उभी राहिली होती. रक्तगट जुळला नाही. जुळला तो हिंगणीला दिलेल्या नणंदेचा. तेव्हापासून सेलूच्या घरात पहिलं ताट मीराताईचं, भाऊबीजेची भारी साडी मीराताईची. सासू आल्यागेल्याला सांगे, "माह्या पोरीनं भावाले जीव देला." पाणी उकळायचं, गोळ्या वेळेवर द्यायच्या, अळणी रांधायचं, हे सारं बायकोनं. त्याचं कौतुक कसलं? बायकोनं ते करायचंच असतं.

ऑपरेशन पार पडलं. मूत्राशय काढून डॉक्टरांनी आतड्याच्या तुकड्यातून लघवीची वाट पोटावर काढली होती, तिथे पिशवी चिकटवली होती. घरी सोडायच्या आधी सिस्टरनं विचारलं, "पिशवी बदलायला कोण शिकणार?"

"मले शिकवा," मीराताई पदर खोचून पुढं झाली. "किडनी माहीच हाये."

इथंही हीच! वर्षाली जळफळत भिंतीशी उभी राहिली.

कैलासनं चादर वर ओढली. "ताई, तू बाहेर जाय."

"काऊन रे? माह्यापाशी कायची लाज?"

"लाज वाटते ना. तुह्यासमोर नाई जमत मले. हिच्यासमोर जमते."

मीराताई बाहेर गेली. वर्षालीनं हात धुतले. सिस्टर सांगेल तशी जुनी पिशवी अलगद सोडवली, कोमट पाण्यानं कातडी पुसली. पोटावरच्या लालसर बोंडातून लघवीचे थेंब तिच्या बोटांवर पडले. किळस आली नाही. किडनी नणंदेची असेना, हे आता रोज आपल्याच हातचं, या विचारानं तिला हावरट आनंद झाला.

"दुखते काय?"

"नाई."

नवी पिशवी नीट बसवून तिनं मान वर केली. अर्धवट उघड्या दारातून मीराताई ओठ घट्ट मिटून पाहत होती. ती नजर वर्षालीनं लगेच ओळखली. इतकी वर्षं ती तिची स्वतःचीच होती. ताई, या आत, असं म्हणावं हे तिच्या मनात आलंही.

तिनं उठून दार लावून घेतलं.