बिनकडीचं घर

बायको, अंजनी, गेली, हे सिस्टरनं येऊन सांगितलं तेव्हा बळीराम नळाखाली मनगट धरून उभा होता. सकाळी तिनंच चावलं होतं.

एसी लावायचा म्हणून वॉर्डबॉयनं खोलीचं दार लोटून आतून कडी घातली होती. तापानं निपचित पडलेली अंजनी त्या आवाजासरशी उठली. तिनं सुई उपटली, सलाईनचा स्टँड वॉर्डबॉयच्या तोंडावर हाणला आणि आडव्या आलेल्या बळीरामच्या मनगटात दात रुतवले. सिस्टर तिचे हात बांधायला पट्टी घेऊन धावली.

"बांधू नका, दीदी. पहले दरवाजा खोलो," बळीराम म्हणाला.

कोणी ऐकेना, तेव्हा त्यानंच कडी काढली आणि उघड्या दारात खुर्ची टाकून बसला. मग ती त्याच्याकडे बघत बघत निजली. दुपारी गेली ती तशीच. हात मोकळे होते.

अंजनीचा बाप आधी आतून कडी लावायचा आणि मग पट्टा काढायचा. एकदा तिचं कोपर मोडलं, ते कायमचं वाकडं राहिलं. आई बाहेर भांडी घासत असायची.

बळीरामला हे लग्नात ठाऊक नव्हतं. गढा मोहल्ल्यातल्या घरी पहिल्या रात्री मीरानं, त्याच्या बहिणीनं, रीतीप्रमाणे बाहेरून कडी लावली. नाव घेतल्याशिवाय उघडणार नाही म्हणाली. आत अंजनीनं तांब्या उचलून बळीरामच्या कपाळावर घातला. टाके पडले.

"वहिनीनं नाव तर घेतलं," मीरा पुढं कितीतरी दिवस म्हणायची, "थेट कपाळावरच."

बळीराम कारखान्यात फिटर होता. दुसऱ्या दिवशी त्यानं काही न विचारता घरातल्या सगळ्या कड्या स्क्रू काढून उतरवल्या. आत कोणी आहे हे कळावं म्हणून पाहुण्यांना न्हाणीघरात गाणं म्हणायला लागायचं. मोहल्ल्यात त्याची थट्टा चालायची. पट्ट्याचं तिनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तांदूळ निवडता निवडता.

पोरं मोठी झाली, आता ती सावरली असं वाटलं. पण साठीनंतर उलटंच झालं. वाऱ्यानं दार आपटलं तरी ती हाती येईल ते फेकायची. एकदा लाटण्यानं बळीरामची बोटं फोडली आणि मग स्वतःच हळद लावत रडत बसली. राइट टाउनचे डॉक्टर म्हणाले, हे लहानपणचं आहे.

"पण तिचा बाप मरून जमाना झाला, डॉक्टरसाहेब."

"आपके लिए मरा होगा," डॉक्टर म्हणाले.

तेरवीच्या आदल्या दिवशी चिराग बाजारातून नवी कडी घेऊन आला.

"बाबा, मीरा आत्या येऊन राहिली. न्हाणीघराला आता तरी लावून द्या. काहून लोकांना गाणी म्हणायला लावता?"

बळीराम स्क्रूड्रायव्हर घेऊन न्हाणीघराच्या दाराशी बसला. जुन्या कडीची भोकं अंजनीनं साबणानं बुजवली होती. त्यानं एक भोक कोरलं. दुसऱ्या भोकातल्या साबणावर तिच्या अंगठ्याचा ठसा होता. त्याला त्यानं हात लावला नाही.

मीरा येऊन, गाणं म्हणून, परत गेली. कडी खिडकीत पडून आहे. लावायची राहिली आहे.