पडद्याचा काळा कोपरा

व्हीपीएन म्हणजे काय, हे सुनेनं मला एकदाच सांगितलं आणि मला कळलं. घरच्या कॉम्प्युटरमधून ऑफिसात शिरायचं दार. दाराला कुलूप. सकाळी वेळेत कुलूप उघडून आत गेलं की हजेरी लागते, मग दिवसभर विम्याच्या फायली तपासायच्या. दार उघडलं नाही, तर तुम्ही घरात खुर्चीवर बसलेल्या असूनही गैरहजर.

आमचं घर त्या दारावर चालत होतं. मुलगा गेल्यापासून कमावतं माणूस सून एकटीच. ह्यांचं वय झालं, माझे गुडघे गेले. आणि कॉम्प्युटर होता तो मुलाचाच, जुना, त्यानं हौसेनं एकेक भाग आणून जोडलेला. नवा घ्यायची ऐपत नव्हती. मॉनिटरचा उजवीकडचा खालचा कोपरा तर पार काळा पडला होता. सून म्हणायची, "चालतंय आई, त्या कोपऱ्यात तसंही कामाचं काही नसतं."

पहिल्यांदा दार उघडलं नाही तेव्हा आम्हाला त्याचं फार काही वाटलं नाही. सुनेनं ऑफिसच्या हेल्पडेस्कला फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"बंद करून चालू करा, मॅडम."

"केलं."

"राउटर बंद करून चालू करा."

"तेही केलं. पासवर्डही परत टाकला."

"स्क्रीनवर काय येतंय?"

"सर्टिफिकेट चालत नाही, असं काहीतरी."

"अच्छा. मॉडेल कुठलं आहे?" सुनेनं सांगितलं, तसा तो हसलाच. "मशीन फार जुनी आहे, मॅडम. बदलून टाका."

"मीही जुनी आहे," मी लांबूनच ओरडले, "मलाही बदलायला सांग!" सुनेनं घाईघाईनं स्पीकर बंद केला. मला अशा माणसांची चीड येते. आजार न बघता थेट तिरडी बांधायला सांगतात.

मग मॉनिटर घरीच ठेवून तिनं कॉम्प्युटरचा डबा तेवढा उचलून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेला. हा मेकॅनिक मुलाचा मित्र, आमच्याकडून कधी जास्त घ्यायचा नाही. दुकानात कॉम्प्युटर सुरळीत चालला. घरी आणला, लावला, तर घरीही दार उघडलं. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "वहिनी, बिघडलेलं काही नव्हतंच. मी आपला नेहमीसारखा चालू करून बघितला."

पण चार दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. परत तोच संदेश, परत हेल्पडेस्क, परत डबा उचलून दुकान. दुकानात शहाणा आणि घरी खुळा, असा तो कॉम्प्युटर. या वेळी तिच्या वरच्या बाईंनी मेलवर लेखी ताकीद दिली: पुन्हा वेळेत आत आली नाहीस तर करार संपला. सुनेनं ते मला वाचून दाखवलं, ह्यांना नाही. "बाबांना कशाला सांगायचं?" म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

ह्यांना का नाही सांगायचं, ते सांगते. हे आयुष्यभर वायरमन होते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा पंप बिघडला म्हणून मुलगा वर गेला, आणि हे खाली बोर्डाशी. मुलानं वरून विचारलं, "बाबा, बंद केला का?" ह्यांनी सांगितलं, "केला, लाव हात." ह्यांनी शेजारचं बटण बंद केलं होतं. इतक्या वर्षांचा वायरमन, स्वतःच्या घरचा बोर्ड, आणि शेजारचं बटण. कुणी ह्यांना बोल लावला नाही. सुनेनं तर कधीच नाही. मी मात्र मनात हजारदा लावला आहे, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून हे रोज झोपायच्या आधी घरभर फिरतात. फ्रिज सोडून प्रत्येक बटण बंद करतात, दिव्याचं, पंख्याचं, मिक्सरचं. बंद केल्यावर त्यावर बोट ठेवून थोडा वेळ उभे राहतात. मला त्या फेरीचा सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नाही. आंघोळीइतकी ती फेरी रोजची झाली आणि म्हणून आम्हाला दिसेनाशी झाली.

मधे ह्यांना ताप आला. आठवडाभर अंथरुणातून उठले नाहीत. आणि तो आठवडा कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागला. रोज पहिल्या फटक्यात दार उघडायचं. सून म्हणाली, "आई, बघा, सुधारला." मी म्हटलं, "दृष्ट लावू नकोस." ताप उतरला, हे हिंडूफिरू लागले, आणि दुसऱ्याच सकाळी पडद्यावर तोच संदेश आला.

सुनेनं बंद करून चालू केला. परत केला. हेल्पडेस्कवाला तेच ते विचारत राहिला आणि ती तीच ती उत्तरं देत राहिली, अगदी हळू आवाजात, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. नऊ वाजून गेले तसे तिनं हात मांडीवर ठेवले. मग वरच्या बाईंना फोन केला. बाई वाईट नव्हती. म्हणाली, "माझ्या हातात फारसं नाही गं. वर बोलून बघते. तोवर तू तुझा कॉम्प्युटर नीट करून घे."

मेकॅनिक या वेळी स्वतःच घरी आला. आमच्या मॉनिटरवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून आपला लहान मॉनिटर बरोबर आणला होता. तो जोडला, कॉम्प्युटर चालू केला, आणि त्याचा हात सवयीनं माऊसवर जाऊन उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे तो थांबला.

"वहिनी, तुम्ही तारीख बघत नाही का?"

"कुठली तारीख? तो कोपरा आमच्याकडे काळाच आहे."

त्यानं कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. जुन्या कॉम्प्युटरचं हे नेहमीचंच असतं. मी दुकानात हात जाता जाता तारीख नीट करून टाकतो, लक्षातही राहत नाही. तुम्हाला सांगायलाच हवं होतं." मग त्यानं समजावलं. आत शर्टाच्या बटणाएवढी एक बॅटरी असते. भिंतीवरचा वीजपुरवठा बंद असला की घड्याळ तिच्यावर चालतं. आमची बॅटरी मरायला टेकली होती. दुकानापासून घरापर्यंत ती कशीबशी तग धरायची, रात्रभर मात्र कधी धरायची, कधी नाही. ती संपली की कॉम्प्युटर त्याच्या जन्माच्या सालात जायचा. आणि ऑफिसचं सर्टिफिकेट, म्हणजे त्या दारातून आत जायचा परवाना, आत्ताचं. त्या सालात बसून बघितलं तर ते अजून जन्मालाच आलेलं नाही, मग दार कसं उघडणार? घोडं इथे पेंड खात होतं.

सून पडद्यावरचं ते साल बघत राहिली. "ह्याच वर्षी ह्यांनी तो जोडला होता," एवढंच म्हणाली. तिचे 'हे' म्हणजे माझा मुलगा.

मेकॅनिक बॅटरी बदलता बदलता सहज बोलून गेला, "पण नुसतं शटडाउन केल्यानं असं होत नाही. घरात रात्री कुणी भिंतीवरचं बटण बंद करतं का?"

मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण त्याचं तोंड डब्यात होतं. आणि दारातून आवाज आला, "मी करतो."

हे कधीचे तिथे उभे होते, कोण जाणे.

"म्हणजे मी बंद केलं म्हणून हिचं काम थांबलं?"

"तसं नाही काका, बॅटरीच जुनी झाली होती," मेकॅनिक गडबडीनं म्हणाला. "आता नवी टाकलीय. खुशाल बंद करा बटण, काही होणार नाही."

"तिचं काम थांबलं का, ते सांग."

सून उठली. "बाबा, बाईंनी सांगितलंय, त्या वर बोलणार आहेत. होईल."

हे आत गेले. एकदा बटण बंद केलं नाही म्हणून मुलगा गेला, आता बंद केलं म्हणून सुनेचं काम. हे काही त्यांना कुणी सांगायला नको होतं. वायरमनच ते, दोन टोकं कशी जुळतात हे त्यांना आमच्याआधी कळलं.

त्या दिवशी जेवणं झाली आणि हे उठलेच नाहीत. पलंगावर बसून राहिले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी म्हटलं, "अहो, दिवा तरी बंद करा." मान हलवली. सून आली, खाली बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, बंद करा ना. तो म्हणाला ना, आता काही होत नाही. तुम्ही नेहमीसारखं करा."

"नको," हे म्हणाले. "मला कळत नाही कुठलं बंद करायचं आणि कुठलं नाही."

मी उठून बोर्डाशी गेले. माझाही हात उचलला नाही. मग तसंच राहू दिलं.

सकाळी घरातले सगळे दिवे जळत होते, पंखे फिरत होते. सून आंघोळ करून वेळेच्या आधीच कॉम्प्युटरसमोर बसली. मेकॅनिकनं आपला मॉनिटर आमच्याकडेच ठेवला होता. कोपऱ्यात आजची तारीख होती, मिनिटाचाही फरक नव्हता. हे तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, पायात चप्पलही नव्हती. तिनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. तो सर्टिफिकेटचा संदेश आला नाही. दुसराच आला: या नावाची कुणी व्यक्ती इथे नाही.

तिनं परत टाकलं. परत तेच. करार संपला होता.

मला वाचता येतं. ह्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, पण तिची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती.

"मी नाही गं," हे म्हणाले. "मी कशाला हात लावला नाही. सगळं चालू आहे बघ."